मदत हवी आहे: ६१ किलोच्या पैलवानाने ऑलिम्पिक निवड चाचणीसाठी कुठल्या वजनात उतरावं?

नमस्कार मंडळी. माझा पुतण्या कोल्हापुरात तालमीत आहे, फ्रीस्टाईल, ६१ किलो. अडचण अशी की ६१ ऑलिम्पिकमध्ये नाहीच. पुरुषांच्या फ्रीस्टाईलला तिथे सहाच वजनं: ५७, ६५, ७४, ८६, ९७, १२५. राष्ट्रीय स्पर्धेत मात्र दहा.

५७ ला उतरायचं तर चार किलो घटवायचे, आणि पोरगं आधीच काटकुळं. ६५ ला गेला तर समोर तगडे गडी. वस्ताद म्हणतात ६५, वहिनी म्हणतात आधी पोटभर जेवू दे त्याला!

कोटा, म्हणजे ऑलिम्पिकमधली जागा, पैलवानाचा नसून देशाचा असतो, एवढं कळलंय. पॅरिसआधी, मार्च २०२४ मध्ये पतियाळाला महिलांच्या चाचण्या झाल्या, त्यात विनेश फोगट ५० आणि ५३ अशा दोन वजनांत खेळली होती.

आता प्रश्न: राष्ट्रीय पदक ६१ मध्ये मिळालं, तर चाचणीला ५७ किंवा ६५ मध्ये घेतात का? की पदक त्याच वजनात लागतं? राष्ट्रीय शिबिरातल्या मुलांना थेट प्रवेश असतो का? ज्यांची मुलं या वाटेने गेलीत त्यांनी कृपया सांगावं. नोंदणी तोंडावर आली आहे.