तातडीची मदत हवी आहे : ब्लॅक अँड व्हाइट केले की फोटो मळकट दिसतात

पंचक्रोशी :
नमस्कार मंडळी. काही फोटो ब्लॅक अँड व्हाइट करायचे आहेत आणि केले की सगळं राखाडी, मळकट दिसतं. रंगीत फोटो उत्तम आहेत, मीच काढलेत. देवळाचा गडगा आणि त्यामागची झाडी एकमेकांत मिसळून जाते, कुठे दगड संपला आणि कुठे पान सुरू झालं ते कळत नाही. कॉन्ट्रास्ट वाढवला तर आभाळ पांढरंफटक आणि सावलीतलं सगळं काळं. सोमवारी फोटो द्यायचे आहेत, तेव्हा लवकर सांगा. यूट्यूबवर बघा असं कृपया कुणी सांगू नका, बघून झालंय.

सुरमई_फ्राय :
सॉफ्टवेअर कोणतं?

आगबोट :
कशाला कंप्युटर उघडताय, मोबाईलवर स्नॅपसीड टाका. फुकट आहे. त्यात ब्लॅक अँड व्हाइट म्हणून टूल आहे आणि खाली रंगांचे गोल असतात, लाल, केशरी, पिवळा, हिरवा, निळा. एकेक दाबून बघा, आवडेल तो ठेवा. माझे गुहागरच्या किनाऱ्याचे सगळे फोटो असेच केलेत, लोक विचारतात कॅमेरा कुठला.

नाखवा :
अरे पण फोटो कसलो, मोबाईलचो की कॅमेऱ्याचो? रात्रीचो की दिवसाचो? काय एक सांगूक नाय आणि म्हणे लवकर सांगा.

पंचक्रोशी :
फोटोशॉप. फोटो कॅमेऱ्याचे. इमेज मेनूत मोड, त्यात ग्रेस्केल. आणखी काय सांगायचं?

डार्करूम_दादा :
हे असंच होणार. डिजिटलवाल्यांना वाटतं रंग काढून टाकला की झालं. आम्ही एचपी-५ चा, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा रोल भरायचो, लेन्सवर लाल फिल्टर लावायचो, आणि आभाळ असं काळंभोर यायचं की ढग उठून दिसायचे. अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सल अ‍ॅडम्सने 1927 मध्ये हाफ डोम या कड्याचा जगप्रसिद्ध फोटो लाल फिल्टर लावूनच काढला. फोटो काढायच्या आधी डोळ्यांनी करड्या छटा बघायची सवय लागते. ती सॉफ्टवेअर देत नाही. पंचक्रोशी, एखादा जुना फिल्म कॅमेरा मिळवा, आयुष्य बदलेल.

सुरमई_फ्राय :
दादा, त्यांना सोमवारी द्यायचेत. रोल धुवायला मुंबईला पाठवायचा का?

रानमेवा :
शिवाय लाल फिल्टर निळ्या आभाळावर चालतो. हे फोटो पावसाळ्यातले दिसताहेत. श्रावणात आमच्याकडे वेंगुर्ल्याला आभाळ आधीच पांढरट, त्यात निळा रंगच नाही, मग फिल्टर कशाला काळं करणार? पंचक्रोशी, फोटो कधीचे आहेत? गडगा जांभ्याचा ना?

पंचक्रोशी :
हो, जांभ्याचाच, आणि काय असणार. पाऊस थांबल्यावर काढलेत. झाडी म्हणजे माड, केळी आणि गडग्यावर उगवलेलं गवत.

लाल_माती :
मग दुखणं कळलं. जांभा आणि पानं रंगाने कितीही वेगळी असली तरी उजेडाने जवळजवळ सारखी असतात. डोळा त्यांना लाल आणि हिरवं म्हणून वेगळं करतो, आणि तोच फरक आपण ग्रेस्केल करताना फेकून देतो. नमुन्याला आकडे देतो, एका ठिपक्यात लाल, हिरवा, निळा उजेड किती ते, 0 ते 255 मध्ये. ओल्या जांभ्याचा एक ठिपका लाल 150, हिरवा 80, निळा 60 धरा. पानाचा ठिपका लाल 90, हिरवा 130, निळा 60. साध्या रूपांतरात ढोबळमानाने लालचे 30 टक्के, हिरव्याचे 59 आणि निळ्याचे 11 टक्के घेतले जातात. हिशेब करा : दगड 99, पान 110. दोन्ही शेजारी ठेवल्यावर काय कळणार? सॅच्युरेशन, म्हणजे रंगाची तीव्रता, शून्यावर नेलं तरी तेच, तिथे सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा आकडा यांची सरासरी घेतात, म्हणजे 105 आणि 95.

आता नुसता लाल चॅनेल, म्हणजे फक्त लालचे आकडे बघा. दगड 150, पान 90. गडगा उजळ, झाडी गडद. नुसता हिरवा बघितला तर उलट, दगड 80 आणि पान 130. फोटो तोच. म्हणून कॉन्ट्रास्टच्या मागे लागू नका, तो आधीच सारख्या झालेल्या दोन छटांना एकत्रच वर-खाली ओढतो. रंगीत फाईलवरूनच सुरुवात करा. इमेज, अ‍ॅडजस्टमेंट्स, ब्लॅक अँड व्हाइट. त्यात रेड वाढवा, यलो आणि ग्रीन कमी करा. पानं दिसतात हिरवी, पण त्यात पिवळा भरपूर असतो, त्यामुळे नुसता ग्रीन ओढून फारसं हलत नाही. यलो हलवा, लगेच कळेल.

पंचक्रोशी :
समजलं, पण ब्लॅक अँड व्हाइट नावाचं काही माझ्या मेनूत नाही. दोनदा बघितलं.

लाल_माती :
असायलाच पाहिजे.

पंचक्रोशी :
नाही म्हणतोय ना. स्क्रीनशॉट टाकू का?

सुरमई_फ्राय :
फोटोशॉपची आवृत्ती कोणती हो?

पंचक्रोशी :
7.0. भावाच्या दुकानातला जुना कंप्युटर आहे, त्यावर लग्नपत्रिका करतो तो.

सुरमई_फ्राय :
हे आधी सांगायचं ना! ते टूल सीएस-3 पासून आलं, 2007 मध्ये. 7.0 तर 2002 ची. तुम्ही चॅनेल मिक्सर उघडा, त्याच अ‍ॅडजस्टमेंट्समध्ये आहे. खाली मोनोक्रोम असा चौकोन, त्यात टिक करा. मग रेड 80, ग्रीन 20, ब्लू 0. तिन्हींची बेरीज शंभरच्या आसपास ठेवा, नाहीतर फोटो एकंदर उजळ किंवा काळा होत जातो. लाल_मातींच्या आकड्यांवर हे लावलं तर दगड 136 आणि पान 98 येतं. नंतर पाहिजे तर मोड ग्रेस्केल करा, आधी नाही. आधी केलंत तर मिक्सरला मिसळायला रंगच उरत नाहीत.

आगबोट :
म्हणूनच म्हटलं स्नॅपसीड. लाल गोल दाबला की झालं.

लाल_माती :
गोल दाबून अख्ख्या फोटोवर एकच फिल्टर बसतो. इथे लाल किती आणि हिरवा किती, ते हातात हवंय.

आगबोट :
तुम्ही वापरून बघितलंय का कधी? ब्राइटनेस, कॉन्ट्रास्टही बदलता येतो त्यात.

लाल_माती :
बघितलंय. येतो, मान्य. पण आभाळ, माणूस आणि दगड एकाच फोटोत असतील तेव्हा पुरत नाही. फुकटच हवं असेल तर गिंप घ्या. कलर्स, डिसॅच्युरेट, मोनो मिक्सर. तिथे टक्क्यांऐवजी 0.8, 0.2 असं लिहायचं, बाकी गणित तेच.

किनारपट्टी :
धागा बघून लिहावंसं वाटलं. पावसाळ्यात कॅमेरा कपाटात ठेवू नका. लेन्सच्या आत बुरशी धरते आणि जाळं पसरतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल, आणि ती निळी असेल तर गुलाबी झाल्यावर गरम करून पुन्हा वापरता येते. कॅमेऱ्याचं चामड्याचं पाकीट डब्याबाहेर, ओल तेच धरतं.

नाखवा :
ह्या कोणी इचारल्यान? पण माहिती बरी हा.

रानमेवा :
पंचक्रोशी, सोमवारी फोटो कुणाला द्यायचे ते अजून सांगितलं नाहीत. स्क्रीनवर बघायचे असतील तर वरचं पुरे. छापायचे असतील तर गोष्ट निराळी.

पंचक्रोशी :
छापायचेच आहेत. देवळाची स्मरणिका आहे, आतली पानं एका रंगात. प्रेसवाल्याने मॅपलिथो कागद सांगितलाय. तो म्हणाला रंगीत दिलेत तरी चालतील, मी करून घेतो. मागच्या वेळी दुसऱ्या एका मंडळाचं त्याने केलेलं बघितलंय, सगळ्यांचे चेहरे कोळशासारखे. म्हणून मीच करून देणार.

रानमेवा :
आत्ता कळलं घाई कसली ते. मॅपलिथोला चकाकी नसते, तो शाई पितो आणि छपाईचा ठिपका पसरतो. पन्नास टक्क्यांचा करडा कागदावर सत्तर टक्क्यांसारखा दिसू शकतो. तुम्ही पाहिलेले चेहरे असेच झाले असणार, स्क्रीनवर ठीक दिसले म्हणून तसेच गेले. कर्व्हज हे छटा उजळ-गडद करायचं टूल उघडून मधल्या छटा थोड्या उजळ करा. ठार काळं आणि कोरं पांढरं टाळा, दोन्ही टोकांना थोडी जागा ठेवा.

सुरमई_फ्राय :
थांबा, डोळे मिटून उजळ करू नका. फोटोशॉपच्या कलर सेटिंग्जमध्ये ग्रेच्या जागी डॉट गेन 20% निवडलेलं असेल तर ग्रेस्केल करताना ठिपका पसरणार हे आधीच धरलेलं असतं. त्यावर आणखी उजळ केलंत तर चेहरे पीठ फासल्यासारखे येतील. आधी तिथे काय आहे ते बघा.

रानमेवा :
बरोबर, पण ते वीस टक्के त्या प्रेसच्या मशीनला लागू पडतील कशावरून? एका पानाचं प्रूफ, म्हणजे नमुन्याची छपाई, काढायला सांगा, त्याच कागदावर. प्रेसवाला कुरकुरेल, तरी सांगा.

डार्करूम_दादा :
आमच्या वेळी ब्लॉक करून छापायचे, जस्ताचे. त्याची मजा...

सुरमई_फ्राय :
दादा, सोमवार.

पंचक्रोशी :
चॅनेल मिक्सर जमला! गडगा एकदम उठून आला, झाडी मागे गेली. डॉट गेन 20% च आहे तिथे, म्हणजे कर्व्हजला हात लावत नाही, प्रूफ मागतो. पण दशावतारी नाटकाचे रात्रीचे फोटो तसेच राहिलेत. रेड 80 केलं की राजाचा चेहरा सपाट होतो, रंगवलेलं काही दिसतच नाही.

नाखवा :
जत्रेचे? नाटक खयच्या कंपनीचा होता?

लाल_माती :
लाल वाढवला की लाल-केशरी रंगरंगोटी उजळून त्वचेत मिसळते. चेहऱ्यांसाठी उलटं जा, रेड 30, ग्रीन 70 करून बघा. ओठ, गालांवरचा रंग, गंध, सगळं गडद होऊन दिसायला लागेल. ब्लू शून्यच ठेवा. पिवळ्या बल्बच्या उजेडात निळ्या चॅनेलमध्ये फारसं काही नसतं, नुसते दाणे. तो वाढवलात तर चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखं दिसेल. गडगा आणि नट यांना एकच आकडे लावू नका, प्रत्येक फोटोचं वेगळं.

नाखवा :
आणि नाटकातल्या संकासुर राक्षसाचो फोटो असात तर जीभ बघ. लाल जीभ काळ्या कपड्यार दिसाक व्हयी, नायतर संकासूर कसलो.

लाल_माती :
नाखवा, हे पटलं. तिथे मात्र रेड पुन्हा वर न्यायचा. जीभ उजळते, कपडा काळाच राहतो.

पंचक्रोशी :
संकासुराचा आहे एक, पण तो मी काढलेला नाही, मुंबईच्या एका चाकरमान्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय.

सुरमई_फ्राय :
साध्या पद्धतीने पाठवला असेल तर तो लहान होऊन आलेला असणार. ए-5 पानाच्या पूर्ण रुंदीला छापायचा तर 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) साधारण 1750 पिक्सेल हवेत. त्यांना मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

पंचक्रोशी :
फोन लावतो. संकासूर मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर घ्यायचाय, अध्यक्षांनी आधीच जाहीर करून टाकलंय.

आगबोट :
स्मरणिका झाली की पीडीएफ इथे टाका. आणि स्नॅपसीड एकदा बघाच.