मदत हवी आहे: स्नोमेड सीटीमध्ये राहून गेलेले ‘इज-अ’ संबंध कसे शोधावेत?

स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञांच्या संगणकीय कोशाच्या विस्तारात आम्ही भरलेल्या संकल्पनांचे ‘इज-अ’ संबंध (‘ही संकल्पना त्या संकल्पनेचा प्रकार आहे’ असे सांगणारे), म्हणजे कोड ११६६८०००३, मी सध्या तपासत आहे. क्लासिफायर, म्हणजे व्याख्यांवरून संकल्पनांची उतरंड लावणारी आज्ञावली, चालवल्यावर चक्राकार संबंध लगेच उघडे पडतात. खरी अडचण आहे ती नसलेल्या संबंधांची. जिवाणूजन्य न्यूमोनियाच्या एका उपप्रकाराला ‘फुप्फुसाचा विकार’ हा पालक मिळाला, पण कारक जीव नोंदवायचा राहिल्यामुळे तो ‘जिवाणुसंसर्गाचे आजार’ या शाखेखाली आलाच नाही, आणि क्लासिफायरने, अर्थातच, तक्रार केली नाही. नावांतील शब्दसाम्यावरून संबंध राहून गेलेल्या संकल्पनांच्या जोड्या शोधल्या, तर खोट्या इशाऱ्यांचाच ढीग जमला. अपुरी व्याख्या असलेल्या ‘प्रिमिटिव्ह’ संकल्पनांपासून सुरुवात करावी, की भावंड-संकल्पनांचे (एकाच पालकाखालच्या संकल्पनांचे) गुणधर्म परस्परांशी ताडून पाहावेत? हे काम केलेल्यांनी कृपया अनुभव सांगावा. डॉक्टरांपुढे तपासणीसाठी एका वेळी किती जोड्या ठेवाव्यात, हेही कळल्यास बरे होईल.