पांदणीला कुलूप, कारण म्हणे शिकारी. मोहाला जायचं कसं?

धुऱ्यावरचा (ता. नागभीड, जि. चंद्रपूर)
गावातून झुडपी जंगलाकडे (महसूल नोंदीतलं झुडपांचं रान) जाणारी पांदण, म्हणजे गाडीवाट, एका वावरातून जाते. मोह, तेंदू, गुरं, सगळं त्याच वाटेनं. मालकानं आता तारेचं कुंपण घालून फाटकाला कुलूप ठोकलंय. त्याचं म्हणणं असं की रात्री बाहेरगावचे लोक कुत्रे घेऊन डुकराच्या शिकारीला येतात आणि गाड्या हरभऱ्यात घालतात. आमचा सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर आहे. ग्रामसभेच्या ठरावावर फाटक उघडता येईल का, की महसूल संहितेच्या कलम 143 खाली वाटेचा अर्ज करायचा?

नकाशा-नक्कल
ठरावानं उघडत नाही. वनहक्क जंगलात चालतो, मधल्या खाजगी वावरात नाही. महसूल संहितेचं 143 पण सोडा, ते खातेदाराला स्वतःच्या शेतात जायला दुसऱ्याच्या धुऱ्यावरून वाट मागण्यासाठी आहे. तुमची वाट जुनी आहे आणि ती अडवली आहे. म्हणजे मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5(2), तहसीलदारापुढे. मुदत अडवल्यापासून 6 महिने. वादपत्रात फाटक लागल्याची तारीख नेमकी टाका. 'दिवाळीच्या सुमारास' लिहिलं की समोरचा वकील मुदतीवरच धरतो.

भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातून गाव नकाशाची प्रमाणित नक्कल काढा. तुटक रेषांची जोडी म्हणजे गाडीवाट, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकच तुटक रेष असेल तर पायवाट, सव्वाआठ फूट. अशी वाट गटातूनच जाते, म्हणून मालक सातबारा नाचवतो. सातबारा त्याचा आहेच, पण वाट बुजवायचा हक्क त्यातून येत नाही. सोबत निस्तार पत्रक (चराई-सरपणाच्या गावहक्कांची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज (वाटा-पाण्याच्या गावरिवाजांची नोंद) शोधा. वाटेचा किंवा चराईचा उल्लेख त्यात निघाला तर अर्धं काम झालं.

आधी मोजणी मागत बसू नका, मुदत त्यातच जाते. आणि स्थळपाहणीच्या आत वाट नांगरली जाते, हे ठरलेलं. बंडीच्या चाकोऱ्या, धुऱ्यातली खिंड, कडेची जुनी पळसं यांचे तारखेसह फोटो आजच काढा.

रोही-त्रस्त
शेतकऱ्याच्या बाजूनं लिहितो. हरभऱ्यात रात्री जीप फिरली तर कोणीही कुलूपच लावेल. पण कुलूप लागतं गुराख्याला, शिकारी तार कापून जातो.

शिकारीला वन्यजीव कायदा 1972 च्या कलम 9 नं बंदी आहे, मग जागा झुडपी असो की स्वतःचं वावर. वनहक्क कायद्यातूनही शिकारीचा हक्क वगळलेला आहे, त्यामुळे 'आमची परंपरा' इथं चालत नाही. डुकरं पीक खात असतील तर कलम 11 खाली वनखात्याची परवानगी मागायची, आणि तसं मारलेलं जनावरही सरकारजमा. गाडीचा नंबर आणि वेळ टिपून 1926 वर कळवा, वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी द्या. ही तक्रार ग्रामसभेनं स्वतः केली तर मालक बोलायला तरी बसतो. बीटवाला (वनरक्षक) 'जागा महसूलची' म्हणाला तर सर्वोच्च न्यायालयाचा 22 मे 2025 चा निकाल दाखवा, झुडपी जंगल हे वनच धरलंय.

एक गोष्ट आधी बघा: तारेत काय सोडलंय? झटका मशीन असेल तर 12 व्होल्टच्या बॅटरीवर साधारण सेकंदाला एक ठोका पडतो, माणूस दचकतो आणि मागे सरतो. लाइनीवर आकडा टाकून थेट करंट सोडला असेल तर पहाटे अंधारात मोह वेचायला निघालेली बाई जागीच जाईल. मग तहसीलदाराची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी महावितरण आणि पोलीस.

धुऱ्यावरचा
झटका मशीनच आहे. नकाशात तुटक जोडी नाल्यापर्यंतच दिसते, पुढं काही नाही. मालक म्हणतो चावी माझ्याकडून मागून न्या.

नकाशा-नक्कल
नाल्यापुढं वहिवाट सिद्ध करावी लागेल. सगळे साक्षीदार ग्रामसभेचेच नकोत. शेजारचा खातेदार, दुसऱ्या गावचा गुराखी, तेंदू फळीचा (पानं गोळा करायच्या जागेचा) मुन्शी असे घ्या.

चावी मागून नेऊ नका. मागून मिळालेली वाट म्हणजे परवानगी, आणि उद्या दिवाणी कोर्टात 20 वर्षांच्या वहिवाटीचा मुद्दा तिथंच पडतो. फाटकाला हरकत नसावी, पण तडजोड तहसीलदारापुढे लेखी करा: वाट वहिवाटीची असल्याचं मालकाला मान्य, एक चावी वनहक्क समितीकडे, फाटक दहा फुटांपेक्षा अरुंद नाही (भरलेली बंडी अडते), आणि मोहाच्या दिवसांत पहाटे 3 पासून उघडं. रात्री बंद राहिलं तर तुमचं काही जात नाही. आदेशात शेतरस्त्यांच्या मे 2025 च्या शासन निर्णयाचा हवाला देऊन सातबाऱ्यावर 'इतर हक्कात' नोंद मागा, नाहीतर वावर विकलं की नवा मालक नवं कुलूप आणतो.

रोही-त्रस्त
तहसीलदाराच्या आदेशावर अपील नाही, पुनरीक्षण आहे, आणि तिथं स्थगिती मिळते. तेव्हा मार्चच्या आधी, मोह सुरू व्हायच्या आत, तडजोड झाली तर बरी.