जानेवारी-फेब्रुवारीत महिनाभर मुंबई: नाटक, चित्रं, सिनेमा, मैफल, सगळ्याची सांगड कशी घालायची?

गोदाकाठ

10 जानेवारी ते 10 फेब्रुवारी मुक्काम दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. दिवसभर मोकळा वेळ, गाडी नाही. व्यावसायिक आणि प्रायोगिक नाटकं, गॅलऱ्या, एखादा चित्रपट महोत्सव आणि जमलंच तर एक-दोन मैफली असा बेत आहे. तिकिटं आणि प्रवास मिळून आठ-नऊ हजारांत भागावं. ॲपवर शोधलं की शे-दोनशे कार्यक्रम समोर येतात, पण कशाचं आरक्षण आधी करायचं आणि काय ऐन वेळी गेलं तरी चालतं, ते काही कळत नाही. 'कुठलं नाटक चांगलं' हा प्रश्न नाही, त्याचे धागे इथे ढिगाने आहेत.

तिसरी_घंटा

मुक्काम दादरला म्हणजे निम्मं काम झालं. शिवाजी मंदिर नाट्यगृह चालत, माटुंग्याचं यशवंत पुढच्या स्टेशनला, प्रभादेवीचं रवींद्र बसने दहा-पंधरा मिनिटांवर. पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार, मुलुंडचं कालिदास आणि ठाण्याचं गडकरी लोकलच्या टप्प्यात.

पहिली गोष्ट: आपलं व्यावसायिक नाटक एका थिएटरात मुक्काम ठोकत नाही. शुक्रवारी बोरिवली, शनिवारी ठाणे, रविवारी दादर असं फिरतं. त्यामुळे शिवाजी मंदिरचा प्रयोग हाऊसफुल्ल झाला म्हणून हळहळू नका, आठवड्याभरात तेच नाटक पार्ल्याला किंवा मुलुंडला सापडतं. आणि उलटही खरं. मंगळवार-बुधवारी व्यावसायिक प्रयोग फार थोडे असतात. नट मंडळी मालिकांच्या शूटिंगमध्ये असतात, प्रेक्षक ऑफिसात. म्हणून शुक्रवार ते रविवार नाटकाला ठेवा आणि बाकीचं सगळं मधल्या वारांत बसवा.

प्रयोगांची यादी अजूनही पेपरातल्या नाट्य-जाहिरातींच्या पानावर सगळ्यात स्वच्छ मिळते. ॲपवर फक्त बुकिंग उघडलेले प्रयोग दिसतात, पेपरात 'पुढील प्रयोग' म्हणून पंधरवड्याचं चित्र दिसतं. तिकीट बुकमायशो किंवा तिकिटालयवर काढा, नाहीतर सरळ खिडकीवर जा. थिएटरच्या दारातून जाणारच असाल तर खिडकी बरी, कारण समोर खुर्च्यांचा प्लॅन दिसतो आणि 'कोपरा नको, मधली द्या' म्हणता येतं. मात्र खिडकी दिवसभर उघडी नसते. सकाळी आणि संध्याकाळी काही तासच असते, दुपारी जाल तर हात हलवत परत याल.

आता खुर्ची. पहिल्या दोन ओळी महाग आणि माझ्या मते वाया. मान वर करून बघावं लागतं आणि नटाचे पाय रंगमंचाच्या कडेने कापले जातात. पाचवी ते दहावी ओळ, मधला भाग, हे सोनं. अगदी कडेच्या खुर्च्या टाळा. दिवाणखान्याचा बॉक्स सेट (तीन भिंतींची उभी खोली) असेल तर तुमच्या बाजूची भिंत तुम्हाला दिसतच नाही, आणि नेमकं त्याच भिंतीतलं दार एंट्रीला वापरलेलं असतं. बाल्कनी स्वस्त पडते. गाण्याच्या नाटकाला ती चालते, पण कुजबुजत्या संवादांच्या नाटकाला नाही.

तिकीट तीनशे ते पाचशे धरा, गाजत असलेल्याला जास्त. कलाकार आजारी पडला की प्रयोग रद्द होतो, हे सगळीकडेच होतं. पैसे जिथून तिकीट काढलं तिथूनच परत मिळतात. ॲपचं तिकीट असेल तर थिएटरच्या खिडकीशी वाद घालून उपयोग नाही.

एक तारीख आजच वहीत लिहून ठेवा: 25 जानेवारीची रात्र. चतुरंग प्रतिष्ठानची सवाई एकांकिका स्पर्धा. वर्षभरात इतर स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिका त्या एका रात्रीत पाठोपाठ होतात आणि प्रजासत्ताक दिनाच्या पहाटे निकाल लागतो. तरुण मुलं काय लिहितायत, नेपथ्य तीन मिनिटांत कसं उभं करतायत, हे बघायला याच्याइतकी दुसरी जागा नाही. तिकिटं निघाली की लगेच घ्या. सोबत स्वेटर ठेवा, रात्री दोननंतर एसी बोचतो. 26 तारखेला दुपारपर्यंत काही ठरवू नका.

कॅनव्हास

चित्रांचं सांगतो. इथे वार चुकला की दिवस गेला.

जहांगीर आर्ट गॅलरी (1952 पासून, प्रवेश फुकट, 11 ते 7) रोज उघडी असते. प्रदर्शनं साधारण मंगळवार ते सोमवार अशी आठवड्याने बदलतात. म्हणजे दर मंगळवारी नवं काहीतरी. सोमवारी संध्याकाळी जाऊ नका, चित्रं उतरवायची गडबड असते. बुधवार-गुरुवारी दुपारी जा: चित्रकार स्वतः बसलेला असतो आणि हॉल रिकामा. माध्यम कुठलं, थर कसे दिले, विचारलंत तर मनापासून सांगतात. चित्राशेजारी लाल टिकली दिसली तर ते विकलं गेलंय असं समजा.

समोरच्या बाजूला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, म्हणजे एनजीएमए. 1911 सालचा कावसजी जहांगीर हॉल आतून पोखरून 1996 मध्ये केलेलं दालन. सोमवारी बंद, तिकीट वीस रुपये. जिन्याने चढत चढत घुमटापर्यंत जायचं. पण दोन प्रदर्शनांच्या मधे मांडणीसाठी दालनं बंद असतात, तेव्हा निघण्याआधी चालू प्रदर्शनाच्या तारखा बघा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पलीकडेच आहे. त्याला स्वतंत्र अर्धा दिवस द्या, 'जाता जाता' होत नाही.

खासगी गॅलऱ्या कुलाबा-फोर्टात जुन्या इमारतींच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यांवर आहेत. खाली छोटीशी पाटी, वर बंद दार आणि बेल. लोक इथूनच परत फिरतात. बेल बिनधास्त वाजवा, प्रवेश फुकट असतो, विकत घ्यायला आलात की बघायला हे कोणी विचारत नाही. टेबलावर चित्रांची यादी असलेला कागद असतो तो मागून घ्या, नाहीतर भिंतीवर नाव नसलेल्या कामांचा थांग लागत नाही. बहुतेक गॅलऱ्या रविवारी बंद, काही सोमवारीही. अपवाद मुंबई गॅलरी वीकेंडचा, म्हणजे गॅलऱ्यांच्या एकत्रित उपक्रमाचा. तो जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गुरुवार ते रविवार असतो. तुम्ही 10 ला उतरताय, शेपूट हाती लागेल. पिशवी टाका आणि निघा.

याच भागातल्या काळा घोडा कला महोत्सवाच्या तारखा गृहीत धरू नका. 1999 पासून चालू आहे, नऊ दिवस असतो, पण सरकतो: 2024 ला 20 ते 28 जानेवारी होता, 2025 ला 25 जानेवारी ते 2 फेब्रुवारी. सगळे कार्यक्रम फुकट. कार्यशाळा आणि हेरिटेज वॉकना मात्र ऑनलाइन नोंदणी लागते आणि ती बघता बघता भरते. पूर्ण वेळापत्रक अगदी तोंडावर येतं, त्यामुळे ते नऊ दिवस दुसऱ्या तिकिटांनी भरून टाकू नका. शनिवार-रविवारी संध्याकाळी महोत्सवाच्या रस्त्यावर, रॅम्पार्ट रोवर जाणं म्हणजे गर्दीत उभं राहून दुसऱ्यांच्या सेल्फीत येणं. मांडणशिल्पं (इन्स्टॉलेशन) बघायची तर कामाच्या दिवशी 11 ते 2.

(घोड्याबद्दल नेहमीचा घोळ: ज्यावरून भागाला नाव पडलं तो मूळ पुतळा 1965 मध्ये हलवला, तो आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. महोत्सवात सगळे फोटो काढतात तो बिनस्वाराचा घोडा 2017 मधला.)

पिटातला

@कॅनव्हास, गर्दीबद्दल अर्धं सहमत. मांडणशिल्पांना दुपार, कबूल. पण नाच, गाणी आणि पथनाट्यं संध्याकाळीच असतात. सोमवार ते गुरुवार संध्याकाळी साडेपाचला पोचा, सातनंतर ऑफिसं सुटलेली गर्दी येते.

प्रायोगिकबद्दल: जुहूचं पृथ्वी. 5 नोव्हेंबर 1978 ला सुरू झालं, जेमतेम दोनशे खुर्च्या, तिन्ही बाजूंना प्रेक्षक. सोमवारी बंद. खुर्चीला नंबर नसतो, आधी येईल त्याने बसावं. म्हणून अर्धा तास आधी रांगेत. आणि उशीर झाला तर प्रवेश नाही, म्हणजे नाहीच. तिथे विनवण्या करणारे रोज दिसतात. समोरची मधली बाजू मिळाली नाही तरी कडेचं फार बिघडत नाही, दिग्दर्शक तिन्ही बाजू धरूनच नाटक बसवतात. हिंदी-इंग्रजी जास्त, मराठी अधूनमधून. शनिवार-रविवारचं तिकीट आठवडाभर आधी, मधल्या वारांचं दोन दिवस आधी पुरतं.

चर्चगेट_स्लो

प्रवासाचं कोणीच बोललं नाही, म्हणून.

दादर-चर्चगेट सेकंड क्लासचा महिन्याचा पास पहिल्या दिवशी काढा. रोज तिकिटाच्या रांगेतला वेळ वाचतो. काळा घोड्याला मेट्रो 3 चं हुतात्मा चौक जवळ, नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्राला विधान भवन. दादरचं मेट्रो स्टेशन पश्चिमेलाच आहे, पण रेल्वे स्टेशनला चिकटून नाही, तुमच्या घरापासून कुठलं जवळ ते बघा. भुयारात नेटवर्क दगा देतं, मोबाइलचं तिकीट वरच काढून ठेवा. मेट्रो रात्री साडेदहाच्या सुमारास आटोपते. साडेआठचं नाटक सव्वाअकराला सुटतं. म्हणजे जाताना मेट्रो, येताना लोकल.

रिक्षा वांद्रे आणि शीवच्या अलीकडे येत नाही. पृथ्वीहून दादरला रिक्षा मिळेल असं धरून बसू नका. रिक्षाने पार्ले किंवा सांताक्रूझ स्टेशन, पुढे लोकल. जाताना संध्याकाळी स्टेशन ते पृथ्वी या एवढ्याशा अंतराला पाऊण तास ठेवा.

रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या देखभालीसाठी मार्ग बंद! मध्य आणि हार्बरवर साधारण 11 ते 4-5. गडकरीचा किंवा कालिदासचा दुपारचा प्रयोग नेमका यात सापडतो. जलद गाड्या धिम्या मार्गावर वळवल्या की वीस-पंचवीस मिनिटं जास्त लागतात. शनिवारी संध्याकाळी ब्लॉकची बातमी बघायची सवय लावून घ्या. शिवाय जानेवारीचा तिसरा रविवार मॅरेथॉनचा. दक्षिण मुंबईतले रस्ते सकाळभर बंद, त्या दिवशी दादरच्या खाली बस-टॅक्सीच्या भरवशावर राहू नका.

गोदाकाठ

अनेक आभार, सवाईचं डोक्यातच नव्हतं. दोन शंका. चित्रपट महोत्सवाचा पास काढला की जागा नक्की असते का? आणि एनसीपीएला एवढी थिएटरं आहेत, मैफलीला कुठलं?

पिटातला

पास आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी. पास म्हणजे दारातून आत यायचा हक्क. महोत्सवागणिक पद्धत बदलते: कुठे आदल्या दिवशी ऑनलाइन खुर्ची राखावी लागते, कुठे सरळ रांग. राखीव जागेची सोय असेल तर ती उघडण्याची वेळ गजर लावून गाठा, नाव असलेले सिनेमे पहिल्या काही मिनिटांत संपतात. नाही मिळाली तर बिनआरक्षणाच्या रांगेत 45 मिनिटं आधी उभे राहा. खेळ सुरू व्हायच्या सुमारास रिकाम्या खुर्च्या सोडतात आणि बऱ्याचदा काम होतं.

तुमच्या तारखांत बसण्यासारखा थर्ड आय आशियाई चित्रपट महोत्सव आहे. 2024 ला 12 ते 18 आणि 2025 ला 10 ते 16 जानेवारीला झाला. म्हणजे दादरला पोचल्या पोचल्या. पास आधीच काढा, हजार-दीड हजार बाजूला ठेवा. दिवसाला तीन सिनेमे पुरे. पाच बघणाऱ्यांना तिसऱ्या दिवशी कुठल्या सिनेमातला म्हातारा कुठला ते आठवत नाही. दोन खेळांत निदान अर्धा तास ठेवा, दिग्दर्शकाशी गप्पा लांबल्या की पुढचं गणित कोसळतं. मामी हा मुंबईचा दुसरा चित्रपट महोत्सव शरद ऋतूतला आणि दरवर्षी होतोच असं नाही. मिफ हा माहितीपट-लघुपटांचा महोत्सव एक वर्षाआड, 2024 ला जूनमध्ये होता. दोन्हींची वाट बघू नका.

सिनेमावरून आठवलं: पेडर रोडवरच्या गुलशन महालातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. सोमवारी बंद, तीन तास लागतात. महोत्सव आटोपल्यावर जा, आधी नको.

तिसरी_घंटा

एनसीपीएचं: टाटा थिएटर 1980 चं, हजारेक खुर्च्यांचं, पंख्याच्या आकाराचं. ध्वनिरचना अशी की माइकचा आधार नावापुरता लागतो. सतार-सरोद, ख्याल यांना तेच. तिथे मागची ओळही वाईट नाही, स्वस्त तिकीट घ्या. जमशेद भाभा थिएटर (1999) हे वाद्यवृंद आणि ऑपेराचं. सिम्फनी ऑर्केस्ट्राचा हंगाम बहुधा फेब्रुवारीत पडतो, हौस असेल तर एक बघा. तिथे रचनेचे तीन-चार भाग असतात, मधे टाळ्या वाजवायच्या नाहीत, आणि उशिरा आलात तर पहिला तुकडा संपेपर्यंत बाहेर उभं करतात. एक्सपेरिमेंटल थिएटरला प्रायोगिक नाटकं आणि लहान कार्यक्रम होतात, तिथेही बऱ्याचदा नंबर नसतात. लिटिल थिएटरचे काही कार्यक्रम फुकट असतात, त्यांच्या महिन्याच्या पत्रकात बघा.

जानेवारीत फोर्टातल्या एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर 'मुंबई संस्कृती' हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव असतो, विनामूल्य. पायऱ्या मंचामागे आणि आपण समोर खुर्चीवर. खुर्च्या लवकर भरतात.

हिशेब: व्यावसायिक नाटकं पाच, दोन हजार. पृथ्वी दोनदा, हजार. सवाई आणि मैफल मिळून हजार-बाराशे. महोत्सव दीड हजार. प्रवास हजार-बाराशे. सात हजारांच्या आसपास होतात. उरलेले शिवाजी मंदिरच्या बटाटेवड्याला. मध्यंतरात रांग मोठी असते, पडदा पडायच्या जरा आधी कडेच्या खुर्चीवरचा माणूस पळवा.

चर्चगेट_स्लो

कडेच्या खुर्च्या टाळा असं वर आपणच लिहिलंय, घंटा :)