शब्दचर्चा: ताबा, कब्जा, वहिवाट – कोर्टात तिन्ही एकच का?

बांधावरचा:
मंडळी, आमच्या काकांनी बांधाशेजारच्या माणसावर कायम मनाईचा दावा लावलाय, त्याची झेरॉक्स वाचत बसलोय. सुरुवातीलाच "दावा मिळकत वादीचे मालकी व कब्जेवहिवाटीची असून", पुढे कुठे ताबा तर कुठे कब्जा, आणि शेवटी "प्रतिवादीस निरंतरची ताकीद व्हावी". ताकीद तर आपण पोरांना देतो ना? काका म्हणतात सातबाऱ्यावर नाव आहे, विषय संपला. वकील म्हणतात कब्जाचा पुरावा आणा. हे सगळे शब्द एकच की वेगळे?

निशाणीपाच:
बरीच वर्षं वकिलांकडे कारकून होतो म्हणून सांगतो. कोर्टातली ताकीद म्हणजे मनाई हुकूमच, अमुक करू नको असा कोर्टाचा आदेश, दम देणं नव्हे. दाव्याबरोबर तात्पुरत्या मनाईचा जो अर्ज देतात तो आमच्याकडे निशाणी ५ (निशाणी म्हणजे कोर्टातल्या कागदाचा क्रमांक), म्हणून तर हे नाव घेतलंय :)
"मालकी व कब्जेवहिवाट" हे टायपिस्टच्या बोटातून आपोआप येतं, पण जजसाहेब त्याचे तुकडे करून बघतात. मालकी वेगळी, कब्जा वेगळा. कायमच्या मनाईत पहिला मुद्दा बहुतेक हाच निघतो की दावा दाखल केला त्या दिवशी वादी जमिनीत होता का. आत नसेल तर नुसती मनाई मागून चालत नाही, कब्जा परत मागायचा दावा लावावा लागतो, आणि मालकीवरच मोठी शंका असेल तर आधी मालकी ठरवून मागा, हे सुप्रीम कोर्टाने २००८ च्या अनाथुला सुधाकर निकालात नीट मांडलंय. त्यातच मोकळ्या जागेचं वेगळं सांगितलंय, तिथे राबणारं कोणी दिसत नाही म्हणून कब्जा मालकीच्या मागून येतो.

बांधावरचा:
मग सातबारा काय नुसता कागद?

निशाणीपाच:
नाही हो. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे नोंद खरी धरतात, पण उलट शाबीत होईपर्यंतच. आणि सातबारा म्हणजे एक नाही, दोन नमुने. सातवर भोगवटादार, म्हणजे जमीन धारण करणारा कोण, बारावर पीक काय. जुन्या उताऱ्यावर "रीत" असा रकाना असायचा, त्यात "खुद्द", म्हणजे स्वतः कसतो, असं लिहिलेलं असलं की आमच्या वकिलांचा चेहरा खुलायचा. हक्क एकाचा आणि जमिनीत दुसराच, असं निघालं तर त्याची नोंद नमुना ७-ब ला. काकांना सांगा, फक्त वरचं नाव बघू नका, खाली बघा.

जुनेशब्द:
कब्जा आणि ताबा दोन्ही अरबीतून आलेत. कब्जात मुठीत धरणं आहे, तलवारीच्या मुठीलाही कब्जा म्हणतात. ताबा मूळचा "अधीन असणं" यातला, म्हणून रागावर ताबा असतो, कब्जा नसतो. बोलण्यात तर कब्जा शब्दाला वासच वाईट, "प्लॉटवर कब्जा केला" म्हणजे गुंडगिरी, पण कागदात तोच अगदी सोवळा. वहिवाटीत मात्र चालवणं, कारभार बघणं येतं. बडोदा संस्थानात तालुक्याच्या अधिकाऱ्यालाच वहिवाटदार म्हणायचे. म्हणून मला वाटतं कब्जा ही स्थिती आणि वहिवाट म्हणजे त्या स्थितीत तुम्ही काय करता ते. पुरावा द्यायचा तो खरं तर वहिवाटीचा, त्यावरून कब्जा दिसतो.

वऱ्हाडी:
आमच्याकडे "वावर कोण वाहते", म्हणजे शेत कोण कसते, असं विचारतात, त्यावरून वहिती. वहितीत नांगर पाहिजे, वहिवाटीत नसला तरी चालते. आणि "वहिवाटीचा रस्ता" यात गल्लत करू नका, तिथे फक्त जायचा यायचा हक्क असते, जमीन दुसऱ्याचीच.

निशाणीपाच:
अगदी बरोबर, त्या गल्लतीत दावे बिघडलेले पाहिलेत. पिकावरून आठवलं, सुप्रीम कोर्टाच्या १९७५ च्या पूरन सिंग निकालात स्थिरावलेल्या कब्जाची एक खूण म्हणून पीकच धरलंय, घुसलेल्याने पीक घेतलं असेल तर खऱ्या मालकालाही ते मोडून जबरदस्तीने आत शिरता येत नाही. म्हणून शेजाऱ्याने मधे काही पेरलंय का ते आधी विचारा.

बांधावरचा:
आत्ता मोबाईलवर उतारा काढला. वर काकांचं नाव आहे पण बारामध्ये तीन वर्षं सलग "पड". शेजाऱ्यानेही काही पेरलेलं नाही. आता?

निशाणीपाच:
घाबरू नका, पड जमीन म्हणजे सोडलेली जमीन नव्हे. मोटारीचं लाईट बिल, सोसायटीचं कर्ज, शेतसाऱ्याच्या पावत्या, जे असेल ते गोळा करा. कोर्ट कमिशनर (जागा पाहायला कोर्ट पाठवतं तो माणूस) येऊन सगळं सांगेल या भरवशावर राहू नका, तो जागेवर काय दिसलं ते लिहितो, कब्जा कोणाचा हे ठरवणं त्याचं काम नाही. आणि पडीवर गवत तर उगवलंच असेल की. ते कोणी कापून नेलं?

बांधावरचा:
गावातला एक म्हशीवाला नेतो दरवर्षी, काकांना पैसे देऊन.

निशाणीपाच:
मग साक्षीदारांच्या यादीत त्याचं नाव टाका. काकांनी पैसे वहीत लिहिले असतील तर ती वहीपण वकिलांना दाखवा.