काथ्याचा ब्रश महिनाभरात काळा पडला. चूक माझी की मालाची?

प्रश्न (नाशिकहून)

प्लास्टिकच्या घासण्या हळूहळू घरातून काढायच्या ठरवून गेल्या महिन्यात काथ्याचे तीन ब्रश घेतले. एक भांड्यांना, एक लांब दांड्याचा बाटलीसाठी, एक मोरीला. मोरीचा ठणठणीत आहे. भांड्यांचा मात्र मुळाशी काळा पडलाय, कुबट वास मारतो आणि तारेला गंज धरलाय. पहिला आठवडाभर तर बेसिनच्या जाळीत रोज तपकिरी काड्या निघत होत्या.

घासून झालं की ब्रश धुऊन बेसिनजवळच्या स्टीलच्या ग्लासात उभा करून ठेवते. सासूबाई म्हणतात, "आम्ही नारळाची शेंडी आणि राख वापरली आयुष्यभर, पैसे कशाला घातलेस?" पण मला पुन्हा नायलॉनकडे वळायचं नाहीये. माझं काय चुकतंय? आणि नॉनस्टिक तव्याला हा चालतो का?

उत्तर १ (गुहागरहून)

ताई, आधी तो ग्लास काढा.

आमची नारळाची वाडी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आजीच्या वेळी सोडणं (नारळावरची जाड, काथ्याची सालं) खाडीच्या चिखलात खड्डा करून पुरत आणि वर दगड ठेवत. सहा-आठ महिन्यांनी काढली की वासाने जवळ उभं राहवत नसे. मग दगडावर ठेवून मोगरीने कुटायची, धुवायची, वाळवायची आणि त्या काथ्याचं सुंभ वळायचं. वायफळ चर्चेला आपण सहज काथ्याकूट म्हणतो, पण आजीच्या तळहातांना त्या मोगरीने पडलेले घट्टे मी पाहिलेत. सांगायचं हे, की आठ महिने खाऱ्या चिखलात राहून जो काथ्या कुजत नाही, तो तुमच्या ओट्यावर महिन्यात कसा कुजेल? त्यात लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) ४० टक्क्यांच्या आसपास असतं. कापसात ते जवळजवळ नसतंच, म्हणून ओलं फडकं लगेच कुजतं आणि काथ्या टिकतो.

काळं झालंय ते मुळाशी अडकलेलं अन्न, साबण आणि काथ्यातला भुसा. ग्लासात उभा ठेवला की सगळं पाणी खाली मुळात उतरतं आणि तिथेच मुरतं. मोरीचा ब्रश बहुतेक खिळ्याला टांगलेला असेल, बघा.

आता करायचं काय? गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून ब्रश अर्धा तास बुडवा. जुन्या कंगव्याने मुळापासून विंचरा. करडा चिकट गाळ निघेल. मग झटकून, काड्या खाली येतील असा टांगून दोन दिवस कडक उन्हात ठेवा. पुढेही रोज टांगूनच ठेवायचा. शक्य असेल तर दोन ब्रश आलटून पालटून वापरा, म्हणजे एक नीट वाळतो. तार फारच गंजली असेल तर तो भांड्यांना नको, मोरीला लावा.

नवीन घेताना दोन गोष्टी बघा. चिमटीत चार काड्या धरून हलकेच ओढा. हातात आल्या तर काथ्या आखूड आहे किंवा तारेचा पीळ सैल आहे. तुमच्या जाळीत निघत होत्या त्या याच. दुसरं म्हणजे तार जस्ताचा मुलामा दिलेली हवी. आणि पहिल्या दिवशी ब्रश गरम पाण्यात रात्रभर ठेवून ते पाणी टाकून द्या. चहासारखा रंग सुटतो.

नॉनस्टिकवर मी काथ्या फिरवत नाही. लोखंडी कढई, बिडाचा तवा, पाटा-वरवंटा, खवणी, यांना मात्र त्याच्यासारखं दुसरं काही नाही. खवणीच्या दात्यांत स्पंज फाटतो, हा आत शिरून खोबरं काढतो.

सासूबाईंचंही खरं आहे. सोडण फुकट असतं. आमच्याकडे निम्मी सोडणं अजून न्हाणीच्या चुलीत जातात, त्याचं मला वाईट वाटतं. असोल्या (न सोललेल्या) नारळाचं पिकलं सोडण दोन दिवस भिजवा, कुटा, भुसा झटकून कुंडीत घाला. वीतभर लांबीच्या काड्या एका दिशेने लावा, मधोमध दुमडा आणि दुमडीखाली सुती दोऱ्याने घट्ट आवळा. टोकं कात्रीने सारखी करा. तारच नाही, त्यामुळे गंजाचा प्रश्न नाही.

उत्तर २ (केरळहून)

वरच्या उत्तराला +१. नोकरीमुळे सहा वर्षं अलेप्पीत आहे. इथे काथ्याचे कारखाने १८५९ पासूनचे, पण ते मुख्यतः चटया आणि पायपुसण्यांचे. त्यांना लागतो पांढरा काथ्या: कोवळ्या नारळाचा, पाण्यात मुरवलेला, मऊ, सूत कातता येईल असा. ब्रशला पिकलेल्या नारळाचा तपकिरी, ताठ आणि लांब काथ्याच हवा. त्यासाठी श्रीलंकेचा माल नावाजलेला आहे. गोरागोमटा दिसतो म्हणून फिकट ब्रश उचलू नका, भांड्यावर तो लगेच लोळतो.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ताई, मोरीचा ब्रश खरंच खिळ्यालाच आहे! सोड्याच्या पाण्यात ठेवल्यावर कंगव्याला जे लागलं ते बघून अंगावर काटा आला. दोन दिवसांच्या उन्हाने वास गेला. तारेचा गंज मात्र तसाच आहे, म्हणून तो आता गॅलरीतल्या कुंड्या घासायला.

तुमचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी देवापुढच्या चार नारळांच्या शेंड्या जपून ठेवल्या होत्या, त्या दोऱ्याने आवळून दिल्या. काल लोखंडी कढई त्यानेच घासली. पण शेंडीच्या काड्या आखूड, बोटं भांड्याला लागतात. नाशकात असोला नारळ मिळत नाही हो, सगळे सोललेलेच येतात.

उत्तर १ (गुहागरहून)

पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. परवा नारळ काढणारा पाडेली येणार आहे, चांगली पिकलेली दहा सोडणं बाजूला काढते. भावाचा टेम्पो नाशिकला येतोच. आणि सासूबाईंना सांगा, दोरा आवळण्याआधी भिजवून घ्या, वाळला की पकड घट्ट होते.