कर्झनने वाचवलेल्या फायरप्लेस: सलाम ठोकायचा की नाही?

भटका_लिंकनकर:
परवा पोरांना घेऊन लिंकनशायरमधला टॅटरशॉल कासल बघून आलो. पंधराव्या शतकात राल्फ क्रॉमवेल नावाच्या इंग्लंडच्या खजिनदाराने बांधलेला लाल विटांचा उंच बुरूज (राजेशाही उलथवणारा तो ऑलिव्हर क्रॉमवेल नव्हे, हा त्याच्या दीडदोनशे वर्षं आधीचा). गोल जिन्याच्या भिंतीत दगड खोदून कठडा केलाय, हात आपोआप त्या खाचेत जातो. पण खरा माल म्हणजे मजल्यामजल्यावरच्या कोरीव दगडी फायरप्लेस. घराण्यांच्या ढाली आणि मधे मधे बटवे, अगदी पणजीच्या कमरेला असायचा तसे, कारण साहेब खजिनदार ना! शिवाय एक जुनं फ्रेंच ब्रीद, अर्थ साधारण 'माझा हक्क नाही का?'

तर १९११ च्या सुमारास या चारही फायरप्लेस भिंतीतून उपटून लंडनला नेल्या, तिथून अमेरिकेला जायच्या बेतात होत्या. तेवढ्यात लॉर्ड कर्झनने, हो आपला तोच व्हाइसरॉय, किल्लाच विकत घेतला, फायरप्लेस हुडकून काढल्या आणि १९१२ मधे परत जागेवर बसवल्या. त्या गदारोळातूनच पुढे जुन्या वास्तूंच्या रक्षणाचा १९१३ चा इंग्लंडचा कायदा आला. माझं मत, वस्तू जिथली तिथेच शोभते आणि याबाबतीत तरी कर्झनला सलाम. आता हाणा.

तिखट_शेव:
बंगालची फाळणी करणाऱ्याला सलाम?? अहो स्वतःच्या गावातले चार दगड बोटीवर चढायला निघाले तर याचा जीव कासावीस, आणि आंध्रातल्या अमरावतीच्या बौद्ध स्तूपाचे शिल्पपट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधे आहेत ते कुठल्या कर्झनने परत नेऊन बसवले? वाघनखं बघायला मिळाली ती पण तीन वर्षांच्या उसनवारीवर, आणि त्यावर परत ती महाराजांचीच का हा वाद आहेच.

जुना_खांब:
शेव, राग बरोबर पण हिशोब अर्धा. याच माणसाने १९०४ मधे आपल्याकडे प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा कायदा केला, म्हणजे इंग्लंडच्या त्या कायद्याच्या नऊ वर्षं आधी. तिकडे १८८२ चा कायदा होता पण मालक नाही म्हणाला की सरकार गप्प. इथे व्हाइसरॉयला मालकांची भीड कशाला असेल म्हणा 😄

हिशेबी:
मला मुळात अमेरिकेला गेल्या असत्या तर बिघडलं काय असतं तेच कळत नाही. इंग्लंडच्याच डर्बीशायरमधली सटन स्कार्सडेल हॉल ही जुनी हवेली बघा. १९१९ च्या आसपास आतला माल विकला, खोल्यांचं लाकूडकाम आज फिलाडेल्फियाच्या म्युझियममधे व्यवस्थित आहे, आणि घर? छप्पर नाही, चार भिंती, पाऊस. गेलं ते वाचलं.

भटका_लिंकनकर:
उलटं सांगताय तुम्ही. घर आधी पडलं नाही, माल विकायलाच घराच्या पोटातलं काढलं आणि छप्परही काढलं म्हणून पडलं. आणि १९१३ च्या कायद्यातून राहती घरं वगळलेलीच होती, त्यामुळे कोणी हात धरू शकलं नाही.

हिशेबी:
बरं मग तुमच्याच फायरप्लेसवर काय कोरलंय? 'माझा हक्क नाही का?' मालकाने तेच म्हणून विकल्या, त्याचं काय चुकलं?

माजघर:
हे वाचून आमचा वाडा आठवला. चौदा हिस्सेदार, पावसाळ्यात ओसरीवर बादल्या मांडलेल्या, आणि कौलं शाकारायचा विषय काढला की प्रत्येकाला नेमका फोन यायचा. शेवटी सागवानी खांब एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याला दिले, आता ते एका हॉटेलात आहेत. मी मुद्दाम जेवायला गेले होते. खांबाच्या मागच्या बाजूला काकाने चाकूने कोरलेलं नाव अजून आहे, पॉलिश मारलंय त्यावर. वाईट वाटलं का? हो. पण वाड्यात राहिले असते तर वाळवीनेच खाल्ले असते. कर्झनकडे किल्ला घ्यायला पैसे होते हो, आमच्याकडे बादल्या होत्या.

तिखट_शेव:
माजघरताई, तुमचे खांब तुम्ही विकलेत. अमरावतीचे आपण विकले नव्हते. इतकाच फरक धरून बोलूया.

भटका_लिंकनकर:
शेव, हे मान्य, सलामातला अर्धा हात खाली घेतो. हिशेबी, तुम्हाला मात्र नाही. एकदा या इकडे, त्या जिन्यातून वर नेतो.